ठासून सरांचं बोट

व्याख्यान संध्याकाळी होतं आणि ठासून सरांचं उजव्या हाताचं बोट दुपारीच बंदुकीच्या नळीत अडकलं.

सर कॉलेजात इतिहास शिकवत. कुठलीही गोष्ट नुसती सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. उद्या सुट्टी आहे हेसुद्धा ते "मी ठासून सांगतो" असं म्हणून सांगत. मुलांनी नाव पाडलं. ते कानावर आलं तेव्हा सरांना तो स्वतःचा गौरव वाटला. अशी माणसं कशालाही गौरव समजू शकतात.

व्याख्यानाचा विषय होता 'ठासणीची बंदूक : रणांगणावर आणि जिभेवर'. बंदूक सासऱ्यांची होती. सासरे टपालखात्यातून निवृत्त झालेले. तिकिटांवर शिक्के मारले, त्यापलीकडे जन्मात त्यांनी कशावर प्रहार केला नव्हता. पण त्यांच्या पणजोबांनी म्हणे याच बंदुकीच्या जोरावर एका खिंडीत शत्रूची तुकडी एकट्याने अडवली होती. सासरे ही हकीकत प्रत्येक पाहुण्याला ऐकवत आणि दर खेपेला तुकडी थोडी मोठी होत असे. अलीकडे तिच्यात हत्तीही आले होते.

सराव करायला सर सासऱ्यांच्या दिवाणखान्यात उभे राहिले. सासरे आत झोपले होते. श्रोते म्हणून बायको होती आणि मटार सोलत बसलेल्या सासूबाई होत्या.

"शिपायानं आधी नळीत दारू ओतायची, मग गोळी टाकायची, मग गजानं ठासायचं," सर गरजले. "म्हणून आपण आजही ठासून बोलतो! दारू दमट निघाली, की बार फुसका. आणि स्वतःला नामानिराळं राहायचं असेल, तर? बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर!"

"ते तुम्हाला छान जमतं," बायको म्हणाली. "प्राचार्यांशी वाजलं तेव्हा माझ्याच खांद्यावर ठेवली होतीत."

"गोळी केवढी असायची हो?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

"एवढी!" म्हणून सरांनी तर्जनी नळीत खुपसली. आत जाताना ती सहज गेली. बाहेर येईना.

खोबरेल तेल झालं, साबण झाला. बायकोने नळी धरली, सासूबाईंनी जावयाची कंबर धरली. सर ओरडले, तसे सासरे डोळे चोळत बाहेर आले.

"साबण लावताय नळीला? गंज चढेल ना!"

"बाबा, माझं बोट..."

"बोटं दहा आहेत, जावईबापू. बंदूक एकच आहे."

बोट सुजायला लागलं, तेव्हा सासूबाईंना घरी ठेवून तिघं टॅक्सीने दवाखान्यात निघाले. बंदूक टॅक्सीत मावेना, म्हणून दस्ता खिडकीबाहेर काढावा लागला. चौकात एका दुकानदाराने धाडकन शटर ओढलं. फळवाला गाडीखाली शिरला. बंदुकीचं तोंड आत, धरणाऱ्याच्याच छातीकडे आहे, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

दवाखान्यात तर कहरच झाला. स्वागतकक्षातल्या मुलीने दोन्ही हात वर केले. "अहो, घाबरू नका!" म्हणत सरांनी तिला थांबवायला हात उचलला, त्याबरोबर अख्खी बंदूक उचलली गेली. सर्दी-पडशाचे सगळे पेशंट बाकांखाली गेले. एक आजोबा तर आपला वॉकर बाहेरच विसरून गेले.

डॉक्टरांनी दार किलकिलं केलं. "भरलेली आहे का?"

"छे!"

"कशावरून?"

सरांनी सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी छताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कोणी बघितलंच नव्हतं.

"मला... तसं वाटतं," सर म्हणाले. लग्न झाल्यापासून हे वाक्य बायकोने त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

डॉक्टरांनी लांबूनच बोट पाहिलं. "निळं पडतंय. नळी कापावी लागेल, आणि ताबडतोब. मागच्या गल्लीत ग्रिलचं वर्कशॉप आहे, तिथं जा."

"दुसरा काही उपाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"बोट कापणं."

सासरे विचारात पडले. ते जरा जास्तच वेळ विचारात राहिले.

"बाबा!" त्यांची मुलगी किंचाळली.

वर्कशॉपमध्ये सासऱ्यांचे डोळे भरून आले. निदान लाकूड तरी वाचवा, अशी त्यांनी विनवणी केली. वर्कशॉपवाल्याने खिळे काढून नळी लाकडातून सोडवली. एवढ्यात सरांचा फोन वाजला. प्राचार्य होते. सरांचा हात मोकळा नव्हता, म्हणून बायकोने घेतला.

"सरांना थोडा उशीर होईल," ती म्हणाली.

"होऊ दे, सावकाश येऊ देत," प्राचार्य म्हणाले. "इथं अजून कोणीच आलेलं नाही."

वर्कशॉपवाल्याने नळी उलटी केली, फडक्याने पुसली आणि खालच्या बाजूला उठलेली अक्षरं वाचली. "पिण्याच्या पाण्यासाठी."

"काय?" सासरे म्हणाले.

"तसं लिहिलंय, काका. कापू ना?"

कटर फिरला, ठिणग्या उडाल्या, नळी चिरली गेली आणि सरांचं बोट सुटलं. ते हललं, शाबूत होतं. ठासणीच्या बंदुकीवर शोधनिबंध लिहिलेल्या त्या माणसाने वर्षानुवर्षं नळाचा पाइप कुरवाळला होता. दारूला बत्ती द्यायचं भोकसुद्धा त्या पाइपला नव्हतं. व्याख्यान राहिलंच; परतीच्या वाटेवर टॅक्सीत सर खिडकीबाहेर बघत राहिले. सासरे पाइपचे दोन तुकडे मांडीवर घेऊन बसले होते.

घरी सासूबाईंनी दार उघडलं. तुकडे बघून त्या "हं" एवढंच म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?" सासऱ्यांचा आवाज चिरकला.

"घराला रंग दिला तेव्हा तुम्ही पॉलिश करायला बंदुकीचे भाग सुटे केले नव्हते का? त्याच दिवशी नळवाला आला होता. त्याचं सामान नि तुमचं सामान एकाच कोपऱ्यात. तुम्ही हाताला लागलं ते घासलं, काळं केलं आणि बसवलं."

"मग सांगायचं नाही का?"

"माझ्या लक्षात आलं, तोवर तुम्ही तुमच्या पोस्टातल्या साहेबांना बंदूक दाखवून खिंडीची हकीकत सांगत होतात. मध्ये कशी बोलू?"

सासरे मटकन खुर्चीत बसले. मग एकदम उठले. "आणि खरी नळी? पणजोबांची? ती कुठं आहे?"

सासूबाईंनी हनुवटीने गॅलरीकडे खूण केली. तिथे दोन आकड्यांवर एक काळपट, जड दांडी आडवी टाकलेली होती. तिच्यावर सासऱ्यांचे बनियन ओळीने वाळत होते.

सासरे गॅलरीत गेले. एकेक बनियन त्यांनी हलक्या हाताने काढला आणि खांद्यावर टाकला. दांडीचं टोक निरखून पाहिलं. त्याच्या बाजूला बत्ती द्यायचं भोक होतं. त्यांनी मान ताठ केली आणि पाय जुळवले. ते आता काहीतरी म्हणणार, एवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "अहो, ओले आहेत ते अजून. परत टाका."

त्यांनी परत टाकले.