सासूबाईंचं लग्न आणि मागची दोन चाकं

सासूबाईंचं लग्न ठरलं तेव्हा वर्लिन हॉगलंडने एक छोटासा निर्णय घेतला. नवरीला चर्चपर्यंत आपणच पोचवायचं. (ओपलबाई चौऱ्याहत्तरच्या, नवरदेव एल्डन एकोणऐंशीचे.) पण अमेरिकेतल्या पूर्व मॉन्टानातला त्यांच्या गुरांच्या रँचचा रस्ता म्हणजे निव्वळ चिकणमाती. म्हणून काउंटी कचेरीतल्या या कारकुनाने पिकअपच्या मागच्या ॲक्सलमध्ये लॉकर बसवायला घेतलं.

"लॉकर?" बायको आर्डिथ म्हणाली. "त्यात ठेवण्यासारखं आपल्याकडे आहे काय?"

"तसलं नव्हे गं. एक चाक चिखलात घसरलं की साधा डिफरन्शियल सगळा जोर त्यालाच देतो. ते गरगर फिरतं, दुसरं नुसतं बसून राहतं. लॉक केला की दोघांनाही फिरावंच लागतं."

"असलं काही नवऱ्यांना बसवता येतं का?"

ॲक्सलचं काम गॅरेजवाल्याने केलं. वायरिंग मात्र वर्लिनने स्वतः केलं. (इथेच त्याला कुणीतरी अडवायला हवं होतं.)

लग्नाच्या सकाळी धो धो पाऊस. आर्डिथ केक घेऊन शेजाऱ्याच्या गाडीतून आधीच चर्चवर गेलेली. पाद्रीबुवांना बारा वाजता दुसऱ्या गावी अंत्यविधीला निघायचं होतं. चर्च दीड मैलावर असताना उतारावर डावं चाक रुतलं. वर्लिनने ऐटीत बटण दाबलं.

"आता काय होतं?" ओपलबाईंनी विचारलं.

"आता गाडी निघते, आई."

गाडी काही निघाली नाही. डावं चाक गरगर फिरलं, उजवं ढिम्म.

"उतर आणि ढकल," त्या म्हणाल्या. "एल्डन सहा वर्षं थांबलाय. आज मी लग्न केल्याशिवाय राहत नाही."

पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून त्या स्टिअरिंगवर बसल्या. पाय गारठले म्हणून त्यांनी हीटर लावला. मागे खट्ट झालं, दोन्ही चाकांनी एकदम जमीन धरली आणि पिकअप सुसाट निघाली. ढकलणारा वर्लिन चिखलात पालथा पडला. तिथेच त्याला उमगलं, लॉकरची वायर आपण बटणाऐवजी हीटरच्या वायरीला जोडली होती.

ओपलबाई थांबल्या नाहीत. त्या रस्त्यावर थांबलं की रुतलं, हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

वर्लिन धडपडत चर्चला पोचला तेव्हा बाराला दहा कमी होते. लग्न उरकलं असणार, या खात्रीने त्याने दार लोटलं. सगळी माणसं वळून बघायला लागली. पाद्रीबुवा घड्याळाकडे बघत होते.

"आला," ओपलबाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं, जावई आल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आता विचारा."

जेवणाच्या वेळी त्यांनी ग्लास उचलला. "तीस वर्षांत मी याच्याबद्दल एक चांगला शब्द बोलले नाही. आज बोलते. याने ते यंत्र बसवलं नसतं तर मी अजून विधवाच असते. मुला, तुझे उपकार आहेत."

वर्लिनच्या चिखलाने माखलेल्या गालांवरून दोन स्वच्छ ओघळ उतरले. एल्डननी हळूच विचारलं, मधुचंद्राला डोंगरात जायचंय, गाडी मिळेल का? "खुशाल न्या, किल्ली गाडीतच आहे," वर्लिन म्हणाला.

मग परतायचं कसं? शेजाऱ्याने आर्डिथला पुढे सीटवर बसवलं आणि वर्लिनकडे एकदा आपादमस्तक बघून गाडीमागे जोडलेल्या घोड्यांच्या ट्रेलरचं दार उघडलं. आत एक घोडी होती. तिने त्याला हुंगलं आणि तोंड फिरवून ती पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.