यमू सशिणीचं आदर्श अंगण

एका जंगलातल्या कॉलनीत, बाळांनो, सगळी गवत खाणारीच मंडळी राहायची आणि गवताला तोंड कोणी लावायचं नाही. गवत शोभेचं होतं. परदेशी, बुटकं, हिरवंगार. त्याला दिवसातून तीनदा तळ्याचं पाणी लागायचं. 'गवतावर पाय ठेवू नये' अशी पाटी दारोदार होती, आणि खायला पोत्यातून पेंड यायची.

यमू सशीण मात्र हट्टी. तिनं माळावरून मारवेल गवताचे ठोंब आणून अंगणात लावले. पाणी घातलं ते पहिला महिनाभर, तेवढंच. गवत तिच्या कानांच्याही वर गेलं. उन्हाळ्यात पिवळं पडलं, पण मुळाशी जिवंत. तिची तीन पिल्लं त्यातच दडून झोपायची. ससाणा वर घिरट्या घालायचा आणि हात हलवत परत जायचा.

एक दिवस कॉलनीचे अध्यक्ष सांबरराव शिंगं सावरत आले.

"यमूताई, हे काय रान माजवलंय? कॉलनीची शोभा गेली."

"गवत आहे, सांबरराव. तुम्ही खाता ते."

"आमचे आजोबा खायचे," सांबरराव दुखावून म्हणाले. "आठ दिवसांत कापा, नाहीतर कॉलनी सोडा."

"कापलं तर माझी पोरं उघड्यावर पडतील हो."

"नियम सगळ्यांना सारखा."

आठ दिवस सरायच्या आत तळं आटलं. हिरवळ करपली, पेंडीची गाडी बंद झाली. कॉलनीच्या समितीनं आधी करपलेल्या हिरवळीला हिरवा रंग दिला. रंगानं पोट भरेना, तेव्हा अख्खी समिती यमूच्या अंगणात शिरली.

"एक कोपरा तरी ठेवा," यमू रडत म्हणाली. सांबररावांच्या तोंडात घास होता, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही.

दुपारपर्यंत अंगण सपाट झालं. यमूनं एक पिल्लू तोंडात धरून माळ गाठला. मग दुसरं नेलं. तिसरं न्यायला आली तेव्हा ते जागेवर नव्हतं, आणि ससाणाही आभाळात नव्हता. यमू पुन्हा त्या कॉलनीत आली नाही.

दुसऱ्या दिवशी समितीची पाहणी झाली. यमूच्या दारातलं ते बुटकं, एकसारखं गवत पाहून सांबररावांनी समाधानानं ढेकर दिला. "याला म्हणतात निगा," ते म्हणाले. 'आदर्श अंगण' अशी ढाल रिकाम्या घराच्या दाराला ठोकली गेली.

पाऊस पडला, मारवेल पुन्हा फुटलं, वाढलं. मग समितीनं ढालीशेजारीच गवत कापायची नोटीसही लावली.

तात्पर्य : शेजाऱ्यांनी आपलं गवत खाल्लं तर वाईट वाटून घेऊ नये. ते निगा राखत असतात.