टॉलरन्सच्या बाहेर

आमचे शेजारी देशकरकाका सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर कॅलिपर ठेवतात. आमच्याकडे जेवायला आले की आधी पोळीची जाडी मोजतात. इंद्रपुरीजवळच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासणी विभागात होते. नापसंत गोष्टीला त्यांचा एकच, मापात न बसणाऱ्या बोल्टला द्यायचा शेरा असतो, "टॉलरन्सच्या बाहेर आहे." स्पीडब्रेकर, व्याही आणि मी, तिघेही त्या शेऱ्याचे मानकरी आहोत.

निवृत्तीनंतर काका फेसबुकवर गुन्हे उलगडू लागले. आधी चप्पलचोर, फूलचोर शोधून झाले. मग एक अकरा सेकंदांची क्लिप आली. एक पांढरी गाडी स्कूटीवाल्या बाईंना धक्का देऊन पळाली होती. नंबर दिसत नव्हता, पण डाव्या दारावर पोचा होता. काकांनी चित्र थांबवून मोबाइलच्या काचेवर कॅलिपर लावला, गुणोत्तर काढलं आणि मागच्या गल्लीतल्या दुबेजींचं नाव जाहीर केलं. दुबेजी हार्मोनियमवर गाणं शिकवतात. त्यांच्याही पांढऱ्या गाडीच्या डाव्या दारावर पोचा आहे.

संध्याकाळपर्यंत अकराशे लाइक आले. भाजीवाला काकांना "जासूस साहब" म्हणू लागला. चौथ्या दिवशी दुबेजींच्या नऊ विद्यार्थ्यांपैकी चारच उरले.

मी ती क्लिप सात वेळा पाहिली. मागच्या चहाच्या टपरीवरची अक्षरं उलटी होती. म्हणजे क्लिपच आरशातल्यासारखी उलटवलेली होती आणि पोचा खरं तर उजव्या दारावर होता. मी काकांना तसं सांगितलं. ते मोबाइल घेऊन कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले. आरशात पाटी सरळ वाचता आली.

मी पोस्ट काढायला सांगितली.

"चौतीस वर्षं बोल्ट पास केले," काका म्हणाले. "एकावरही माझं नाव नाही. इथे अकराशे लोकांनी वाचलं."

"दुबेजींचंही वाचलं, काका."

त्यांनी पोस्ट काढली आणि पूर्ण नावानिशी माफीनामा टाकला. त्याला सहा लाइक आले, त्यातला एक माझा. मग ते दुबेजींकडे गेले. दुबेजींनी पाणीही विचारलं नाही. काका हात जोडून म्हणाले, पाच मुलं माझ्यामुळे गेली, निदान एक जागा मी भरतो. दुसऱ्या दिवसापासून पाच ते सहा ते लहान मुलांच्या रांगेत बसून सा लावू लागले. दुबेजींचा राग तिसऱ्या आठवड्यात गेला. काकांचा पंचम ऐकून ते म्हणाले, "काकाजी, ये तो टॉलरन्स के बाहर है।"

हळूहळू पाचही मुलं परतली. आता वर्गात दहा जण आहेत. मी काकांना म्हटलं, हिशेब पुरा झाला, आता सुटलात.

काका कॅलिपर पुसत होते. म्हणाले, "जाईन अजून थोडे दिवस. तिथे रोज हजेरी घेतात हो. माझंही नाव पुकारतात."