अर्धा पेला पाणी

राजाजीनगरातले माझे घरमालक माधवअण्णा यांच्याकडे पाहुणा आला की पाण्याआधी प्रश्न यायचा, "हद्दीतले की बाहेरचे?" पालिकेच्या हद्दीत राहणाऱ्याला पेला भरून पाणी. हद्दीबाहेरच्याला अर्धा. "बाकीचं तुमच्या पंचायतीकडं मागा!"

अण्णांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान. घराणं चार पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे मराठीला कन्नडची फोडणी. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला भाडेकरू. मला पहिल्या दिवशी पाऊण पेला मिळाला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "राहतोस आत, पण ऑफिस बाहेर आहे तुझं."

त्यांचा राग एकच. "आमच्या रस्त्यांवरून गाड्या हाकायच्या, आमच्या दवाखान्यात यायचं, आमच्या बागेत पोट कमी करायचं, आणि घरपट्टी भरायची तिकडं! सरी का हे, बरोबर आहे का?" भाजीवाल्या अक्कांनाही हे पाठ झालं होतं. त्या "सरी, सरी" म्हणत कोथिंबीर जास्त घालायच्या आणि सुटका करून घ्यायच्या.

मग एकुलता एक मुलगाच लग्न करून हद्दीबाहेरच्या टॉवरमध्ये राहायला गेला. पहिल्या भेटीत अण्णांनी नव्या सुनेपुढे, स्मितापुढे, अर्धा पेला ठेवला. गंमत म्हणून! तिच्याकडे नेमका चार दिवस टँकर आला नव्हता. ती पाण्याला न शिवता उठली. त्यानंतर त्या घरातलं कुणी इकडे फिरकलं नाही. नात झाली, ती फोनमधल्या फोटोंतच. अण्णा ते फोटो दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत, हद्द न विचारता.

नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाला त्यांनी मला गाडी काढायला लावली. वाटेत हद्द संपली तसं डांबरही संपलं, गाडी खड्ड्यांतून उड्या मारायला लागली. एरवी बोलून बोलून कान किटवणारे अण्णा खड्डे मोजत होते.

स्मितानं दार उघडलं. "कर आम्हीही भरतो, अण्णा. पाणी मात्र विकत घेतो," म्हणाली, आणि पेला काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला.

अण्णा अर्धा पेला प्यायले आणि थांबले. "बास. इथं मी बाहेरचा."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तेवढ्यात नातीनं तो पेला दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या तोंडाशी धरला. "अज्जा, सगळं पी."

अण्णा सगळं प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं. मग रिकामा पेला त्यांनी सुनेपुढे धरला.

"अम्मा, स्वल्प अजून मिळेल का?"