नागोरावकाकांचा पहिला पेशंट

नागोरावकाका रोज सकाळी पहिली तपासणी कुणाचीच करायचे नाहीत. म्हणजे पेशंटला चालवून काळीज तपासायचा पट्टा सुरू करायचे, त्याला चढ द्यायचे, पण वर माणूस नसायचा. "दांडी धर माय. हळू. दम लागून राह्यला काय?" असं विचारत ते शेजारी उभे राहायचे.

आदिलाबादच्या त्या हृदयाच्या दवाखान्यात काका पट्टा चालवायचे आणि मी रिपोर्ट टाइप करायचो. पेशंटशी ते बहुतेक तेलुगूत बोलत, रिकाम्या पट्ट्याशी मात्र मराठीत.

"काका, या पेशंटचं नाव काय टाइप करू?" मी चिडवायचो.

"तुमी आपलं काम करा ना."

एरवी त्यांचं एकच पालुपद. "निजलेलं काळीज काई सांगत नाई. चालवा त्याले!" लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे ऐकवायचे, तेही शेजाऱ्याचं मनगट धरून. त्याची जिलबी बिचारी तशीच पडून राहायची.

एका सकाळी मात्र माझी थट्टा घशातच राहिली. पट्ट्यावर वजन पडलं की घरघर जड होते, हे रोज ऐकून मला पाठ होतं. पट्टा रिकामा होता आणि घरघर जड झाली. मी टाइपरायटरवरून मान वर केली नाही. घाबरलो होतो, दुसरं काय.

पुढं माझ्याच काळजाची भिंत जाड निघाली. डॉक्टरांनी मला पट्ट्यावर चढवलं. त्यांची नजर पडद्यावर, काकांची माझ्या दंडावरच्या बीपीच्या पट्टीवर. मला तर छान वाटत होतं. ऐटीत म्हणालो, "अजून वाढवा."

"थांबवा! बीपी चढाचं सोडून उतरून राह्यलं!" काकांनी बटण दाबलं आणि मला कवेत धरलं. धोका आहे, डॉक्टर म्हणाले. धावणं बंद, औषधं सुरू, हैदराबादला दाखवा.

मी सावरलो, तरी काकांनी माझा दंड सोडला नाही.

"माही पोरगी सुमन शाळेच्या शर्यतीत चक्कर येऊन पडली होती. मीच तिले निजवून कार्डिओग्राम काढला. चांगला आला. म्हनलं, काई नाई, पळ. दुसऱ्या शर्यतीत पडली, ते उठलीच नाई."

दुसऱ्या सकाळी रिकामा पट्टा सुरू झाला. घरघर जड झाली. मी कोरा फॉर्म टाइपरायटरमध्ये चढवला.

"काका, नाव?"

ते पट्ट्याकडे वळले. "सुमन नागोराव. वय पंधरा."

"शेरा काय लिहू?"

"लिहा... येळेवर थांबवलं."

मी टाइप केलं. काकांचा हात अजून बटणापर्यंत पोचलाही नव्हता, तोच घरघर हलकी झाली.