खुन्याचे बत्तीस दात

"मूर्ख समजतात काय आपल्याला!" थिएटरच्या पायऱ्या उतरता उतरता दातांचे डॉक्टर गरजले. "अगं, प्रेत ओळखलं कशावरून? दातांवरून. आणि शेवटी तोच मेलेला माणूस दारात उभा! म्हणजे खुनी तोच. म्हणे त्यानं स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात उपटले आणि प्रेताच्या तोंडात बसवले!"

"हो का?" बायको म्हणाली. मध्यंतरानंतर ती डॉक्टरांच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"आणि वर दात विचकून हसतो! कुठले दात? उपटले ना सगळे?"

डॉक्टरांचं डोकं सणकलं होतं. "दुखणार नाही" असं रोज खरं सांगूनही त्यांच्यावर कुणी कधी विश्वास ठेवला नव्हता. आणि या थापाड्यांना मात्र लोक तिकीट काढून ऐकतात!

खाली पुढच्या खेळाची रांग लागली होती आणि रांगेत सर्वांत पुढे उभे होते त्यांचे सासरे. सासरे म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. समोरचा खोटंच बोलतोय असं धरून त्यांनी सगळी नोकरी केली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावयालाही ते विनातिकीट प्रवासीच समजत. दवाखाना जोरात चालतो असं डॉक्टर एकदा म्हणाले, तर हे समोरच्या बाकावर बसून पेशंट मोजून आले. या माणसानं एकदा तरी आपला शब्द खरा मानावा, एवढीच डॉक्टरांची इच्छा होती.

"बाबा, परत फिरा. भंगार पिक्चर आहे."

"असं कसं? काय वाईट आहे त्यात?"

रागाच्या भरात डॉक्टरांनी शेवट सांगून टाकला. मोठ्यानं, दातांसकट.

रांग खवळली. "ओ काका, अक्कल आहे का?" "सगळी मजा घालवली की हो!" एकानं कॉलर धरली. मॅनेजर धावत आला.

"थांबा!" सासऱ्यांनी हात वर केला आणि जावयाला नखशिखान्त न्याहाळलं. "हे खोटं बोलताहेत. असला शेवट कुणी शुद्धीवरचा माणूस लिहील का?"

रांगेनं विचार केला. "खरंच की!" एक बाई म्हणाल्या. "दात म्हणजे काय खिळे आहेत, इथून उपटले, तिथे ठोकले?"

"तेच तर सांगतोय मी!" डॉक्टर किंचाळले. "पण दाखवलंय तसंच! हिला विचारा!"

सगळ्यांनी बायकोकडे बघितलं. "मला डोळा लागला होता," ती म्हणाली.

रांग खदाखदा हसत आत गेली. बायको कंटाळून घरी गेली. डॉक्टर मात्र पायरीवर ठाण मांडून बसले. बाहेर येऊ देत, मग एकेकाला बघतो!

खेळ संपताना आतून किंकाळी आली, पाठोपाठ टाळ्या आणि शिट्ट्या. तो शेवट सोडून दुसरा कुठलाही असेल अशी सगळ्यांची खात्री होती, त्यामुळे तोच पडद्यावर आल्यावर आधी त्यांची दातखीळच बसली आणि मग एकच कल्ला झाला. मॅनेजर हात जोडत आला. "साहेब, उद्याही याल का? या पिक्चरला आज पहिल्यांदा टाळ्या पडल्या." डॉक्टरांना त्याचा गळा आवळावासा वाटला.

तेवढ्यात सासरे आले आणि त्यांनी जावयाचे दोन्ही हात हातात घेतले.

"चुकलो मी, जावईबापू. अक्षर न् अक्षर खरं होतं तुमचं. आजपासून तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास."

डॉक्टरांचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. "बाबा, एवढंच हवं होतं हो मला."

"मग आता खरं सांगा. ही कवळी नको झालीय मला. कुणाचे चांगले दात मिळाले, तर बसवाल का?"

"छे हो! ते कसं शक्य आहे?"

"प्रेताला बसतात आणि मला नाही?"

"बाबा, अहो, तो पिक्चर आहे! खरे दात असे बसतच नाहीत."

सासऱ्यांनी हात सोडले. त्यांचे डोळे बारीक झाले.

"बघा," ते शांतपणे म्हणाले, "लागलात ना लगेच थापा मारायला?"