व्हर्लिनचा चौदा पौंडी चाप

मंगळवारी सकाळी कॉफीचा दुसरा मग संपवता संपवता व्हर्लिन क्रेट्झरने ठरवलं, की आता पिस्तुलाचा चाप हलका करायचाच. (रिटायर झालेल्या माणसाने मंगळवारी सकाळी काही ठरवू नये, पण त्याला हे सांगणार कोण?)

पिस्तूल पोलंडच्या फौजेने मोडीत काढलेलं. बारा वर्षांपूर्वी त्याने ते हौसेने घेतलं, आणि तेव्हापासून नेमबाजीच्या क्लबात नेम चुकला की त्याचं एकच पालुपद. "चाप बघा किती जड आहे. फौजी माल. ओढता ओढता हात हलतो, त्याला मी काय करणार?" आणि ते खोटंही नव्हतं. त्याचा मेव्हणा लॉयड याने एकदा मासे तोलायचा काटा रिकाम्या पिस्तुलाच्या चापाला अडकवून ओढला होता. काटा चौदा पौंडांवर गेला तेव्हा कुठे आत खट्ट वाजलं.

"दाजी," लॉयड म्हणाला, "एवढा मासा मला जन्मात गावला नाही."

सगळे हसले. पण आता ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत टेबलावर मांडलेल्या बोलिंगच्या पाच पिना पाडायच्या असतात, आणि जो तळाला येईल त्याने ॲप्रन बांधून सगळ्या क्लबाला मासे तळून घालायचे. सलग चार वर्षं व्हर्लिन तळत होता. दोन पिनांच्या पुढे त्याची मजल कधी गेली नाही. लोक त्याच्या नेमाबद्दल बोलेनासे झाले होते; त्याच्या माशांबद्दल मात्र चांगलं बोलत. पाचव्यांदा कढईसमोर उभं राहायची वेळ आली तर ओहायोत तोंड लपवायला जागा उरणार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. स्पर्धा शनिवारी होती.

तर व्हर्लिनने गोळ्यांचं मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे हे दोनदा पाहिलं (एवढी अक्कल त्याला होती) आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिस्तूल उघडलं. हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करावं, म्हणजे स्प्रिंग उडून जात नाही, हे क्लबातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. व्हर्लिनलाही होतं. फक्त पिशव्या वरच्या फळीवर होत्या आणि तो नुकताच बसला होता.

स्प्रिंग उडाली. दिव्याला लागली आणि पलीकडे शिवत बसलेल्या त्याच्या बायकोच्या, नदीनच्या मांडीवर गडप झाली.

"नदीन, हलू नकोस."

"का? साप आहे?"

"स्प्रिंग आहे. तुझ्या गोधडीत. जरा कात्री दे."

"ही गोधडी रविवारी चर्चच्या सोडतीत जायची आहे. कात्रीला हात लावलास तर तुलाच सोडतीत ठेवीन," नदीन म्हणाली. "आणि तुझी तिकिटं खपायची नाहीत."

पडलेल्या सुया उचलायला तिच्याकडे एक लोहचुंबक होतं. ते तिने गोधडीवरून दोनदा फिरवलं आणि स्प्रिंग अलगद वर आली. नदीनने ती उजेडात धरली आणि नखाने खरवडली.

"हे तपकिरी काय चिकटलंय?"

"जुनं पोलाद असंच दिसतं."

"पोलाद नखाने निघत नाही, व्हर्लिन. हे ग्रीस आहे. वाळून पार लाख झालीय त्याची. घेतल्यापासून आतून धुतलंस का कधी?"

"पुसतो की दर रविवारी."

"आतून?"

कोठारात गंज चढू नये म्हणून फौज हत्यारांवर ग्रीस थापते, आणि जुनं हत्यार घरी आणलं की पहिलं काम ते काढायचं. हे क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला बारा वर्षं सांगत कोण होतं, तर व्हर्लिन. स्वतःच्या पिस्तुलाबाबत मात्र, "साफ करून दिलंय" या दुकानदाराच्या शब्दावर त्याने डोळे झाकून भरवसा ठेवला होता.

नदीनने टोमॅटो उकळायचं जुनं पातेलं काढलं ("यात आता पुन्हा टोमॅटो शिजायचे नाहीत," ती म्हणाली) आणि सगळे भाग उकळत्या पाण्यात सोडले. वर आलेलं ग्रीस तिने चमच्याने डब्यात काढलं, सुटे भाग जुन्या टूथब्रशने घासले, पुसले, तेल दिलं. दुपारी व्हर्लिनने पिस्तूल जोडून चाप ओढून पाहिला. चाप इतका मऊ मागे आला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी त्याने पार्किंगपासूनच सांगायला सुरुवात केली. "दोष चापाचा होता. आता बघा." त्याची पाळी आली. पाच गोळ्या झाडल्या. पाचही पिना जागच्या जागी उभ्या.

"बघू इकडे, दाजी," लॉयड म्हणाला. त्याने त्याच पिस्तुलाने, त्याच जागेवरून पाचच्या पाच पिना पाडल्या. मग पिस्तूल रिकामं करून दोन्ही हातांनी परत दिलं.

"फार सुरेख चाप झालाय हो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं व्हर्लिनला वाटलं. आता चापावर ढकलायचीही सोय उरली नव्हती. तो निमूट ॲप्रन बांधून कढईकडे गेला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अंगाला तेलाचा वास होता. नदीन गोधडीचा शेवटचा काठ शिवत होती. त्याने दारातूनच विचारलं.

"नदीन, ते डब्यात काढलेलं ग्रीस फेकलंस का गं?"

"नाही अजून. मागच्या ओट्यावर आहे. का?"

व्हर्लिन बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"नाही, सहज," तो म्हणाला. "परत भरता येईल का, एवढंच विचारायचं होतं."